बटण दाबलं की युग बदलायचं

यंदा उजनी धरणाचं पाणी लवकर उतरलं. पळसदेवच्या जुन्या देवळाचं शिखर आधी दिसलं, मग खांब, मग चिखलानं माखलेल्या पायऱ्या. लोक होडीनं जातात, फोटो काढतात, कुणी हात जोडतं. शेवटचा ऊस कारखान्यावर गेलेला असतो. तोडणीवाल्यांच्या गाड्या आपापल्या मुलखाला निघालेल्या असतात. रस्त्याच्या कडेला पाचटाचे पुंजके लोळत असतात आणि वाऱ्यावर मळीचा आंबूस वास येत असतो. वस्तीत निळ्या पताकांच्या माळा ओवायला बसलेले लोक दिसतात, कारण जयंती जवळ आलेली असते. हे सगळं एकदम अंगावर येतं आणि मला तो पत्र्याचा गोल मांडव आठवतो. देऊळ पाण्याखालून पुन्हा वर येतं. तो मांडव गेला तो गेलाच.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बारामतीहून इंदापूरला जाताना कालव्याच्या कडेला तात्यांची बाग होती. तात्यांचं बारामतीत पाण्याच्या जळालेल्या मोटारी पुन्हा तारेनं भरून द्यायचं दुकान होतं. आयुष्यभर शेतकऱ्यांच्या मोटारी दुरुस्त करून त्यांच्या मनात आलं, की हे पाणी खालून वर कसकसं येत गेलं ते लोकांना दाखवावं. मुंबईला म्हणे त्यांनी कुठल्याशा मोठ्या प्रदर्शनात फिरता देखावा पाहिला होता. परत आले आणि त्यांनी बागेत जुन्या ट्रकचा आस उभा पुरला, त्यावर खोलीएवढं लोखंडी चक्र बसवलं, चक्राचे पडद्यांनी चार भाग केले. समोर बाकं मांडली, सगळ्यावर पत्र्याचा गोल मांडव घातला. वर पाटी लावली, ‘प्रगतीचं चक्र’.

पहिल्या भागात मोट. दुसऱ्यात तेलाचं इंजिन. तिसऱ्यात विजेची मोटार. चौथ्या भागाचं नाव नुसतं ‘उद्या’. चारही भागांत एकच शेतकरी, त्याची बायको आणि म्हातारा बाप. कपडे बदलायचे, माणसं तीच. मूर्ती गणपती करणाऱ्या कारागिराकडून करून घेतल्या होत्या. त्याच्याकडं साचे देवाचेच, त्यामुळं शेतकरी मुकुट काढून ठेवलेल्या रामासारखा दिसायचा आणि त्याची बायको म्हणजे थेट गौरीचा मुखवटा. गोरीपान, गुलाबी गालांची, भाकरी थापणारी गौर. बायका आत आल्या की चपला बाहेर काढायच्या आणि कुणी ना कुणी तिला हळदीकुंकू वाहून जायची. तात्या म्हणायचे, “वाहू द्या. रंग फिका पडत चाललाय, तेवढाच लाल होईल.”

मी आयटीआय करून घरी बसलो होतो. नोकरीची वाट बघत होतो. तात्यांनी मला त्या उन्हाळ्यापुरतं ठेवून घेतलं. काम दोन प्रकारचं, वायरिंग सांभाळायचं आणि माइकवरून बोलायचं. माझा आवाज बरा होता. तात्यांनी पहिल्याच दिवशी माझं नाव रेडिओ ठेवलं. “ए रेडिओ, कर चालू!” असं ते ओरडले, की मी घसा साफ करायचो आणि “मंडळी, आता आपण आपल्या आजोबांच्या काळात जाऊ या” म्हणून सुरुवात करायचो. माझ्यापुढं एक लाल बटण होतं. ते दाबलं की चक्र कुरकुरत फिरायचं आणि युग बदलायचं.

उद्घाटनाला पाहुणे आले होते. हार झाले, भाषण झालं. मग कुणाच्या तरी मनात आलं, की नारळ चक्र फिरवणाऱ्या मोटारीवरच फोडावा. आमच्याकडं नवी मोटार बसवली की तिच्यावर नारळ फोडतातच, त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. पाणी नेमकं स्टार्टरमध्ये गेलं. फाडकन आवाज झाला, निळी ठिणगी उडाली आणि प्रगतीचं चक्र काळोखात बुडालं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, देखावाच तसा आहे.

वीज तर रोजच जायची. गंमत अशी, की ती बहुतेक वेळा तिसऱ्या भागातच जायची. मी माइकवर “आणि मग गावात वीज आली!” असं म्हणावं आणि दिवे जावेत. लोक पोट धरून हसायचे. “आता कसं खरं दाखवलं!” कुणीतरी ओरडायचं. मग तात्या ताडपत्री वर करायचे, उन्हाचा झोत आत यायचा, आणि मी आणि तात्या चक्राखालच्या खड्ड्यात उतरून खांद्यानं चक्र ढकलायचो. वर ‘उद्या’ यायचा, खाली आम्ही घामानं निथळत असायचो.

‘उद्या’मध्ये शेतकरी प्रथमच पँटमध्ये होता आणि खुर्चीवर बसला होता. मांडीवर पुठ्ठ्याचा डबा, त्यावर रंगीत काच, मागं बल्ब. तो बसल्या जागेवरून रानातली मोटार चालू करतोय, असं मी सांगायचो. शेतात काळ्या नळ्या, थेंब थेंब पाणी. लोणी भापकरचा एक म्हातारा रोखून बघत राहिला आणि म्हणाला, “ह्यो खुर्चीत का बसलाय? आजारी हाय का?” आज आमच्या गल्लीतला प्रत्येक जण खाटेवर पडून मोबाइलवरून मोटार सुरू करतो. तात्यांचा ‘उद्या’ येऊन जुना झाला. मला मात्र ती पुठ्ठ्याच्या डब्यातली पिवळी काचच आठवते. तापलेल्या पत्र्याचा वास, ऑइलपेंटचा वास, बाकावर बसलेल्या बायकांच्या डोक्यातलं माक्याचं तेल, चक्र थांबताना होणारा तो आ करून जांभई दिल्यासारखा आवाज. इतकं सुख मला नंतर पक्क्या नोकरीतही मिळालं नाही, हे आधी कबूल करतो. कारण पुढं जे सांगायचं आहे ते त्या सुखाच्या पोटातच आहे.

आम्ही बौद्ध. माझ्या आजोबांच्या पिढीनं धर्म बदलला, मेलेली ढोरं ओढायची कामं सोडली, पोरं शाळेत घातली. माझी आई पळसदेवची. म्हणजे जुन्या पळसदेवची, जे आता पाण्याखाली आहे. ती लग्न होऊन आमच्याकडं आली आणि पुढं काही वर्षांनी तिचं माहेर धरणात गेलं.

त्या उन्हाळ्यात मी रोज घरी येऊन चक्राचं कौतुक सांगायचो.

“आये, तू कधी येणार बघायला?”

“काय हाय तितं?”

“प्रगती हाय.”

“मग तिला म्हणावं, ये की हिकडं. आमीच का जायचं तिच्याकडं दरखेपंला?”

पण आली. जयंती होऊन गेली होती, पताका अजून उतरवल्या नव्हत्या. वस्तीतल्या बायका टेम्पो करून आल्या. आई पुढच्या बाकावर बसली, शेजारी आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारी कांतामावशी. दोघींनी नव्या चोळ्या घातल्या होत्या. मी माइकमागून बघत होतो आणि माझी छाती फुगली होती. आज आपल्या माणसांपुढं बोलायचं होतं.

मोटेचा भाग आला. मोट ओढायचा जाड दोर म्हणजे नाडा, चाक, उतारावरून खाली निघालेले प्लास्टरचे बैल, आणि मोटेचं पाणी ज्यात कोसळतं ते थारोळं. थारोळ्यात खरं पाणी सोडलेलं असायचं, त्याचा आवाज यायचा. तिथं मी एक वाक्य म्हणायचो. ते तात्यांनी दिलेलं नव्हतं. मीच जोडलं होतं, कारण त्या वाक्याला लोक माना डोलवायचे. “मंडळी, काय ते दिवस होते! सगळा गाव एकाच विहिरीचं गोड पाणी प्यायचा.”

आई मोठ्यानं म्हणाली, “सगळा गाव?”

मग पुढं वाकली. लग्नाच्या फोटोत माणूस आपला चेहरा शोधतं, तशी ती त्या देखाव्यात शोधू लागली. बैलांमागं, विहिरीच्या कडेला, थारोळ्यापाशी. राग नव्हता तिच्या आवाजात. खरंच विचारत होती.

“ह्यात मी कुठं हाय रं? थारोळ्याच्या अलीकडं आमी घागरी घिऊन हुबं ऱ्हायचो. कुणाला दया आली तर वरनं वतायचा. ती जागा तर दावलीय तुमी. माणूस न्हाय दावलं.”

मांडवात बाकीचे लोकही होते. माना वळल्या. एवढंच म्हणायचं होतं, की मंडळी, ही माझी आई, ती खरं बोलतेय. माइक हातात होता. तात्यांच्या मांडवात माझ्याइतका मोठा आवाज दुसऱ्या कुणाचा नव्हता.

मी लाल बटण दाबलं. चक्र फिरलं, विहीर गेली, इंजिन आलं. “आणि मग मंडळी,” मी म्हणालो, “काळ बदलला!”

कांतामावशीनं वेळ मारून नेली. शेवटी ‘उद्या’मध्ये शेतकऱ्याची बायको गॅसपुढं बसलेली दिसली तेव्हा ती म्हणाली, “बाईला बगा, फिरवून फिरवून चुलीपुढंच आणून घातली!” सगळा मांडव हसला. आईही हसली. जाताना तिनं माझ्या शर्टाची कॉलर सरळ केली आणि म्हणाली, “आवाज चांगला हाय तुजा.” त्या विषयावर ती पुन्हा कधी बोलली नाही. पुढच्या खेळाला मी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. हंगाम संपेपर्यंत म्हणत राहिलो. जिभेला सवय झाली होती, आणि लोक माना डोलवत होते.

दोन-तीन उन्हाळ्यांनी चक्र बंद पडलं. घरोघरी केबल आलं, लोकांना ‘उद्या’ घरात बसून दिसू लागला. पत्रा गळायला लागला, प्लास्टर भिजून फुगलं. मूर्ती टाकायच्या कुठं, हा प्रश्न आला. शेतकरी झाला म्हणून काय, तोंड रामाचं होतं. उकिरड्यावर कसा टाकणार? शेवटी तात्यांनी त्या सगळ्या कुटुंबाची हळदकुंकू वाहून पूजा केली आणि कालव्यात विसर्जन केलं. गौर बुडाली. शेतकरी काही बुडेना, तो तरंगत जाऊन कालव्याच्या पुढच्या लोखंडी दारात अडकला. कालव्याची राखण करणारा पाटकरी सायकलवरून आरडाओरडा करत आला. “तात्या, कुणाचं मढं सोडलंय पाटात?” तात्या म्हणाले, “मढं न्हाय बाबा, प्रगती हाय. जरा बांबूनं ढकल.”

हे मी पुष्कळांना सांगितलं आहे. चहाच्या टपरीवर, स्टाफरूममध्ये. मला पुढं इंदापूरला तांत्रिक शाळेत शिकवायची नोकरी लागली, तिथली मुलंही हा किस्सा ऐकून हसायची. नारळ, वीज जाणं, अडकलेला शेतकरी. इतक्या वर्षांत आईचा प्रश्न मात्र मी एकदाही सांगितला नाही. गोष्ट सांगताना तिथं आलो की मनातल्या मनात बटण दाबायचो. विहीर गेली, इंजिन आलं.

आठवणींचं हेच मला भय वाटतं. जे गेलं त्याच्यासाठी जीव तुटतो, आणि तुटताना तो फार निवड करतो. मला मांडव हवा आहे, वास हवा आहे, तात्यांची हाक हवी आहे. ‘काय ते दिवस होते’ हे वाक्य मी तेव्हा मोटेबद्दल म्हणायचो, आता मांडवाबद्दल म्हणतो. दोन्ही वेळा थारोळ्यापाशी कुणीतरी उभं असतं आणि माझ्या वाक्यात त्याला जागा नसते.

यंदा पाणी उतरलं तेव्हा मी आईला एसटीनं भिगवणला घेऊन निघालो होतो, पाहुण्यांकडं. तिची नजर आता अधू झाली आहे, माणूस जवळ आलं की हातानं चाचपून ओळखते. पळसदेवजवळ गाडीतल्या बायका खिडकीशी गोळा झाल्या. “देऊळ दिसाय लागलं! गाव कसलं सोन्यासारखं हुतं!” एक जण डोळे पुसू लागली. मी आईला म्हणालो, “आये, देऊळ वर आलंय.”

“येऊ दे,” ती म्हणाली. “ती विहीर तेवढी खालीच बरी.”

आणि मग, काल सोडलेलं बोलणं आज उचलावं तशी म्हणाली, “तात्याच्या मांडवात चांगली दावली हुती पर. नाडा बी खरा हुता.”

म्हणजे ती विसरली नव्हती. कुरवाळतही बसली नव्हती. जागच्या जागी ठेवलं होतं तिनं. विहीर खालीच बरी, असं जिचं म्हणणं, तिच्यासाठी ती पुन्हा वर काढायचा मला काय अधिकार, हा विचार मनात आला. भिगवण येईपर्यंत मी तो उलटसुलट केला. शेवटी तिलाच विचारलं.

“आये, ते चक्र पुन्हा करीन म्हणतोय. जयंतीला, विहाराच्या पटांगणात. तुला बसवू का त्यात?”

तिनं कान माझ्याकडं वळवला. मला वाटलं, गाडीच्या आवाजात ऐकू आलं नसावं.

“बसवू नगं,” ती म्हणाली. “हुबी कर. बसाय कुठं मिळायचं तितं?”

दुसऱ्या दिवशी तात्यांकडं गेलो. बागेच्या जागी आता मंगल कार्यालय आहे. तात्या खूप थकले आहेत, मागच्या खोलीत कॉटवर असतात. मी पाया पडलो.

“कोन?”

“रेडिओ.”

म्हातारा खुदकन हसला. मी सगळं सांगितलं. आईचा प्रश्न, लाल बटण, सगळं. तात्या छताकडं बघत ऐकत होते.

“अरं मग तवाच बोलायचं की! एक मूर्ती जास्त. काय अवघड हुतं?”

“बसवली असती का तुमी?”

तात्यांनी छतावरची नजर माझ्याकडं वळवली. मग म्हणाले, “खरं सांगू? मला ठाव न्हाय. लोक काय म्हनतील, ह्याचा इचार केला असता मी बी. पर तू इचारायचं तरी.”

मला ते पटलं. बसवली असती की नाही हा त्यांचा प्रश्न होता. विचारायचं काम माझं होतं आणि ते मी केलं नव्हतं. एवढ्या वर्षांत मी तात्यांच्या वतीनं नकार गृहीत धरून स्वतःची सुटका करून घेत आलो होतो. तीही वाट त्यांनी बंद केली, आणि बरं केलं.

चक्र कार्यालयाच्या मागं होतं. स्वयंपाकी लोक त्यावर पातेली पालथी घालतात. “घिऊन जा,” तात्या म्हणाले. “आसाला तेवढं गिरीस भर. लई कुरकुरतं ते.”

ट्रॅक्टर लावून चक्र आणलं. घासलं, ग्रीस भरलं. सुट्टीच्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी अंगणात असतो. बायको म्हणते, पन्नाशीनंतर माणसं देवाधर्माला लागतात, हे प्लास्टरला लागले. बटण मात्र बसवणार नाही, हे पहिल्या दिवशीच ठरवलं. एक लांब दांडा जोडला आहे. युग बदलायचं असेल त्यानं उठावं, दांड्याला हात घालावा आणि ढकलावं. आणि ढकलण्याआधी समोर कोण उभं आहे ते नीट बघावं.

चारही भाग करतो आहे, पण सुरुवात तिच्यापासून केली. कारागिराकडं गेलो नाही, तिथं पुन्हा गौरच मिळाली असती. स्वतःच तारेचा सांगाडा केला, गोणपाट गुंडाळलं, वर प्लास्टर. सावळा रंग देणार आहे. कमरेवर घागर आहे, पदर खोचलेला आहे, पाय अनवाणी आहेत. चेहरा साधला नाही, नाक जरा बसकं झालं. मान खाली घातली. पापण्या पडलेल्या, खांदे ओघळलेले. करताना मला वाटत होतं, आता कुठं जमलं.

काल दुपारी आईला हाताला धरून अंगणात आणलं. ती मूर्तीच्या जवळ गेली आणि दोन्ही हातांनी चाचपू लागली. घागर चाचपली. “घागर बरी हाय. आमची चेपल्याली हुती.” पदर चाचपला. मग बोटं वर गेली, गळ्यावर, हनुवटीवर, आणि तिथं थांबली.

“हिची मान का मोडलीय?”

“मोडली न्हाय आये. खाली घातलीय.”

“का?”

तिनं माझा खांदा धरला, सरळ झाली आणि अंगणात उभी राहून दाखवलं. रिकामी कंबर एका बाजूला काढली, हात घागरीवर ठेवल्यासारखा, आणि तोंड वर. नजर अधू झालेले डोळे बारीक करून ती आमच्या शेवग्याच्या शेंड्याकडं बघत होती, जणू तिथं नाडा आहे.

“नाड्याकडं बघाय लागायचं. नाडा ताठला की कळायचं, मोट भरून वर याय लागली. मग म्होरं सरकायचं, न्हायतर दुसरीचा नंबर. खाली मान घालून हुबी ऱ्हायले असते तर तहानेनंच मेले असते मी.” तिनं मूर्तीच्या हनुवटीवर टिचकी मारली. “तोंड वर कर तिचं. आमी काय भीक मागत न्हवतो. पान्याची वाट बघत हुतो.”

ती खाली मान तिची नव्हती. माझीच होती, मांडवातली, बटण दाबल्यानंतरची. मी ती तिच्या खांद्यावर बसवली होती.

करवत आणली. मान कापली, आतली तार पकडीनं सरळ केली, डोकं उचलून वर बघतं केलं. घमेल्यात नवं प्लास्टर कालवलं आणि सांध्यात भरलं. ओलं प्लास्टर वजन पेलत नाही, डोकं पुन्हा पुढं कलायला लागलं. म्हणून मी मागं उभा राहिलो आणि दोन्ही तळव्यांत ते धरून ठेवलं. ऊन डोक्यावर होतं. हात भरून आले, खांदे थरथरायला लागले. बायको दारातून म्हणाली, टेकू लावा काहीतरी. मी नको म्हणालो.

आई पायरीवर बसली होती. “वाळलं का रं?”

“न्हाय अजून.”

“मग सोडू नगंस.”

“न्हाय सोडत, आये.”